आधी थोरला, मग धाकला

सोळा डिसेंबरला दुपारी चार वाजता दैवशालाच्या नंबरवरून फोन आला, तेव्हा पुंजारामनं नेहमीसारखा आधी आकडा सांगून टाकला.

"पंचवीस, पॉइंट दोन," तो म्हणाला. "अंडी बराबर हायेत. कार्याला गेलीयस ना? एक दिस तरी त्या मशीनला विसर की."

पलीकडून कोणी बोलेना. दैवशाला असती तर तिनं लगेच विचारलं असतं, "आणि बाहेर किती?"

"दाजी, मी भारत," मेहुणा म्हणाला. मग म्हणाला, "मशीन चालू हाय ना, दाजी?"

"हाय की. तुझ्या बहिणीला दे फोन."

"दाजी, तुमी जरा बसून घ्या."

पुंजाराम बसला नाही. उभ्या उभ्याच त्यानं ऐकून घेतलं. भोकरदनला भावाच्या मुलीचा साखरपुडा होता. पंगत वाढता वाढता दैवशाला छातीत जळजळतंय म्हणाली आणि भिंतीला टेकून बसली. रिक्षा दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं. वय एक्कावन्न. डोकेदुखीची गोळीसुद्धा तिनं कधी घेतल्याचं त्याला आठवत नव्हतं.

फोन ठेवून तो आतल्या खोलीत गेला आणि पडद्यावरचा आकडा पुन्हा बघितला. पंचवीस, पॉइंट दोन. दुसरं काय करावं ते त्याला सुचलं नाही.

आष्टी-परतूर रस्त्याला लागून त्यांचं शेत आहे. तीन एकर तुती, आणि तुतीच्या कडेला स्लॅबची एक लांब खोली. रेशमाच्या अळ्या अंड्यांतून निघाल्या की पहिले आठ-नऊ दिवस फार नाजूक असतात. डोळ्यांत भरणार नाहीत एवढ्या बारीक. त्यांना कोवळा पाला बारीक चिरून घालावा लागतो, आणि खोलीत ऊब सारखी ठेवावी लागते. थोडी कमी झाली तरी चालत नाही, थोडी जास्त झाली तरी चालत नाही. दोनदा कात टाकून झाली की शेतकरी त्यांना आपल्या शेडमध्ये नेतात आणि वाढवून कोष काढतात. तोवर त्यांना सांभाळायचं घर म्हणजे चॉकी सेंटर. दैवशालानं ते सात वर्षं चालवलं. तुती पुंजारामची, खोली तिची. खोलीत शिरायचं तर चुन्यात पाय बुडवून, हात धुऊन, आणि तंबाखू बाहेर काढून ठेवून. तंबाखूमुळे तो बहुधा शिरायचाच नाही.

स्लॅबवरचं मशीन तिनं जालन्याहून आणलं. तिथले शिवनारायणशेठ जुन्या यंत्रांचा व्यापार करतात. एक बंद पडलेला सिनेमा हॉल त्यांनी घेतला, त्याच्या छतावर हे युनिट होतं, लहान टेम्पोएवढं.

"बाई, हे गारवा करायचं मशीन," शेठ म्हणाले होते. "तुम्हाला पाहिजे ऊब. मी विकीन, पण मग शिव्या घालू नका."

"शेठ, हे दोन्ही करतंय. पाटीवर लिहिलंय. तुमच्याच पाटीवर तुमचाच भरोसा न्हाई व्हय?"

शेठनी चष्मा लावून पाटी वाचली आणि किंमत वाढवली. मग तासभर दोघांची जुंपली. अखेर शेठनीच हात जोडले आणि आपल्या नातीला, रितिकाला, हाक मारली. रितिका इंजिनिअरिंग शिकून आजोबांच्या धंद्यात आलेली. तिनं मशीनवर नवा कंट्रोलर बसवून दिला. कंट्रोलर म्हणजे तळहाताएवढा पडदा असलेला एक डबा. खोलीच्या भिंतीवर बसतो आणि वरच्या मशीनला काय करायचं ते सांगतो. रितिका आणि दैवशाला दोन दिवस त्या डब्यासमोर मांडी घालून बसल्या होत्या. पुंजाराम दारातून चहा देत होता.

त्याला ते काही पटलं नव्हतं. बाहेरच्या गार हवेतली ऊब ओढून मशीन आत आणतं, असं रितिका म्हणाली होती. ती गेल्यावर त्यानं बायकोला विचारलं, "गार हवेत ऊब कुठून आली?"

"उन्हाळ्यात आपल्या हिरीत पाणी असतंय का न्हाई?"

"असतंय. बुडाला."

"मंग? खोल गेलं म्हणून संपलं व्हय? दोर लांब सोडावा लागतो, येवढंच. थंडीत हवेतली ऊब तशीच बुडाला जाती. हे मशीन ती शेंदून काढतंय."

हे त्याला समजलं. मग पुढचं तिनं त्याला बैलांवर समजावलं. मशीनमध्ये कॉम्प्रेसर दोन. आधी थोरला जुंपायचा. दहा मिनिटं त्याला ओढू द्यायचं. गाडी निघालीच नाही तर धाकला जुंपायचा. दोघांनाही ओढेना तर ट्रॅक्टर लावायचा. ट्रॅक्टर म्हणजे विजेचा हीटर. तो एका दमात लावला तर खोलीतली हवा कोरडी पडते, पाला सुकतो आणि अळ्या तोंड फिरवतात, म्हणून अगदी शेवटी. आणि बाहेर दहाच्या वर असेल तर तो लागूच द्यायचा नाही, बैल पुरतात.

"आणि बैल एकदा सोडला की पाच मिंटं दम खाऊ द्यायचा. तवर पुन्हा जुपायचा न्हाई," ती म्हणाली. "डबा हे समदं सोताहून पाळतो. माणसालाच पाळता येत न्हाई."

हे बोलताना तिनं त्याच्याकडे बघितलं होतं. पुंजारामचा स्वभाव तापट. तो सगळे बैल आणि ट्रॅक्टर एकदम जुंपणारा माणूस. तिचा राग मात्र पायरीपायरीनं यायचा. आधी ती नुसती बघायची. मग भाजीत मीठ कमी पडायचं. त्यानंतर ती त्याला "अवो" म्हणायची सोडून "पुंजारामपंत" म्हणायची. पंत ऐकलं की तो मुकाट्यानं जाऊन जे राहिलं असेल ते काम करून यायचा. ट्रॅक्टर लागायची वेळ एकतीस वर्षांत दोनदाच आली, आणि दोन्ही वेळा चूक त्याची होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी दैवशालाला शेतातच अग्नी दिला. पुण्याहून मुलगी शिवकन्या आली. घर माणसांनी भरलं. आणि त्या भरलेल्या घरात एक गोष्ट कोणी बोलत नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होती. खोलीत तीन हजार अंडीपुंज होते; एका पतंगानं घातलेली अंडी म्हणजे एक पुंज. एकवीस शेतकऱ्यांची तुती त्यांच्यासाठी तयार उभी होती, आणि सुतकाच्या चौथ्या दिवशी अंडी फुटणार होती.

राधेश्याम हा त्या एकवीस जणांतला एक. लांबचा भावकीतलाही होता. अंगणात बसून तो म्हणाला, "भाऊ, सुतकात हात लावायचा म्हंजे... बघा बुवा. लोक काय म्हणतील."

झुंबरबाई पलीकडे पाला चिरायच्या सुऱ्या घासत होती. सात वर्षं ती दैवशालाच्या हाताखाली होती आणि वयानं तिच्या आईएवढी. तिनं मान वर न करता विचारलं, "राधेश्याम, किडं तुज्या भावकीतले हायेत का रं?"

"न्हाई मावशी, तसं न्हवं..."

"मंग त्यान्ला कसलं सुतक? ते काय दहाव्याला जेवायला येणार हायेत?"

अंगणातली माणसं हसली आणि हसल्याबद्दल ओशाळली. सोळा तारखेपासून त्या घरात कोणी हसलं नव्हतं. पुंजाराम उठला, खिशातली तंबाखूची पुडी काढून राधेश्यामच्या हातात ठेवली आणि चुन्यात पाय बुडवून आत गेला.

रात्री शिवकन्यानं विषय काढला. "बाबा, ही बॅच झाली की मशीन शेठना परत देऊ. तुम्ही माझ्याकडं चला. एकटे काय करणार इथं?"

"ही बॅच निघू दे."

"आणि बिघडली तर?"

"तर तू म्हणशील तिथं येतो."

"आणि नीट निघाली तर?"

"तर मी इथंच हाय," तो म्हणाला. शिवकन्या आईसारखी नुसती बघत राहिली.

अंडी वेळेवर फुटली. पडद्यावर सत्तावीस मांडलेलं होतं, तसं रितिकानं जालन्यातूनच फोनवर सांगून त्याच्याकडून करून घेतलं होतं. झुंबरबाई पाला चिरायची, तो ट्रेमध्ये पसरायचा. पहिल्या दोन दिवसांत तिनं त्याला चाळीस वेळा टोकलं. "पुंजा, बी पेरून राह्यलास का पाला घालून राह्यलास? पातळ घाल." तिसऱ्या दिवशी टोकणं निम्म्यावर आलं. अळ्यांची पहिली कात नीट पडली. रात्री उठून तो पडद्यासमोर बसायचा. थोरला चालू व्हायचा, धाकला यायचा, आकडा वर सरकायचा, आधी धाकला सुटायचा, मग थोरला. कोणीतरी हिशेबानं वागतंय हे बघून त्याला झोप यायची.

त्या दिवसांत तो दैवशालाच्या सगळ्या वस्तूंची काळजी घेऊ लागला होता. तिच्या स्कूटीवर त्यानं ताडपत्री टाकली. तिच्या आत घालायच्या निळ्या सपाता धुऊन उन्हात ठेवल्या. तिची अर्धी राहिलेली गोधडी घडी करून ट्रंकेत ठेवली. काम संपलं की तो पुढची वस्तू शोधायचा.

पंचवीस तारखेला सकाळी थंडीची लाट आली. पडद्यावर दिसलं, बाहेर सात. तो शिडीनं स्लॅबवर गेला. वारा बोचत होता. मशीनच्या कडेला, पत्र्याच्या सावलीत, एका वायरीला बोटाच्या पेराएवढा एक तुकडा लोंबत होता. रितिकानं तो लावला तेव्हा पुंजारामनंच वायर धरली होती. यानं थंडी कळते, असं ती म्हणाली होती. तो तुकडा वाऱ्यावर हलत होता, उघडा.

त्याला ते बघवलं नाही. तो खाली आला, दैवशालाच्या जुन्या साडीचा एक तुकडा फाडला आणि गोधडीच्या उरलेल्या चिंध्या घेतल्या. वर जाऊन त्यानं त्या पेराला बाळोत्यात गुंडाळावं तसं गुंडाळलं. मशीनच्या ज्या पत्र्याला आतल्या कॉम्प्रेसरची ऊब लागत होती, त्या पत्र्याला ते गाठोडं टेकवून सुतळीनं आवळून बांधलं. संध्याकाळी पडद्यावर दिसलं, बाहेर चोवीस. पुंजारामला बरं वाटलं. थंडी तिथपर्यंत पोचत नव्हती.

सव्वीस तारीख दैवशालाच्या दहाव्याची. सकाळी आठला सगळ्यांनी नदीवर पोचायचं ठरलं होतं. पुंजाराम पाचला उठून खोलीत गेला. आत पंचवीस होतं.

त्याला वाटलं आपण चुकीचं वाचलं. त्यानं पडदा पुसला. पंचवीस, पॉइंट एक, आणि बघता बघता पंचवीस. थोरला चालू, धाकला चालू, ट्रॅक्टर बंद. ट्रेमध्ये रात्री घातलेला पाला तसाच होता. अळ्या दुसऱ्या कातीच्या तोंडावर होत्या, पोटभर खाऊन स्थिर बसायची त्यांची वेळ. आता गारठून काही बसतील, काही मागं राहतील. एका ट्रेमध्ये निम्म्या जाग्या आणि निम्म्या निजलेल्या असल्या की त्यांना पाला कधी घालायचा हे ब्रह्मदेवालाही ठरवता येत नाही. तशी बॅच कोणी नेत नाही.

त्यानं मेन स्विच बंद केला आणि पुन्हा चालू केला. मशीन गप्प. त्यानं तीन मिनिटं वाट बघितली, पुन्हा बंद, पुन्हा चालू. गप्पच. तिसऱ्यांदा त्याचा हात स्विचवर गेला तेव्हा मागून झुंबरबाई ओरडली, "आरं, दम तरी खाऊ दे त्याला! दर खेपेला तू बंद केलंस की त्याची पाच मिंटं पयल्यापासनं सुरू व्हत्यात. दैवशालानं शंभरदा सांगितलंय."

"मला न्हाई सांगितलं."

"तुला बी सांगितलंय. तू ऐकलं न्हाईस."

ती पाच मिनिटं त्याला फार लांब वाटली. थोरला लागला, मग बऱ्याच वेळानं धाकला लागला, पण आकडा वर जाईना. चोवीस, पॉइंट तीन. साडेसहाला त्यानं रितिकाला फोन लावला.

"काका, पडद्यावर जे जे दिसतंय ते एकेक वाचा," ती म्हणाली.

"आत चोवीस पॉइंट तीन. पाहिजे सत्तावीस. थोरला चालू, धाकला चालू, ट्रॅक्टर बंद."

"काकूंची नावं," रितिका म्हणाली. "बरं. बाहेर किती दाखवतंय?"

"चोवीस."

"चोवीस?"

"पॉइंट सहा."

"काका, मी जालन्यात दोन स्वेटर घालून चहा पितेय. तुमच्याकडे आज वेगळा सूर्य उगवलाय का?"

पुंजारामनं पडदा पुन्हा पुसून बघितला.

"वर जा. फोन चालूच ठेवा. मशीनच्या बाहेरच्या जाळीत काय दिसतंय ते सांगा."

अंगणात तोवर टेम्पो येऊन लागला होता. भारत, शिवकन्या, राधेश्याम, आणखी दहा-बारा माणसं, पिठाची परात, दर्भ, तांब्ये. पुंजाराम फोन कानाला लावून शिडी चढताना सगळे बघत राहिले. जाळी पांढरी पडली होती. जुन्या फ्रीजमध्ये साठतो तसा बर्फ, बोटभर जाड.

"बर्फ धरलाय," तो म्हणाला.

"धरणारच. बाहेरची ऊब ओढताना जाळी फार गार होते, तिच्यावर दव गोठतं. मग मशीन दहा मिनिटं उलटं चालून तो बर्फ वितळवतं. पण बाहेर चोवीस असेल तर बर्फ कसला, असं त्याला वाटतं. आणि चोवीसला हीटरही कशाला लावेल? दहाच्या वर हीटर नाही, हे काकूंनीच ठरवलंय. म्हणजे बैलांच्या पायात बर्फ, आणि ट्रॅक्टरला चावी नाही. काका, तो बाहेरचा सेन्सर बघा. वायरीला लोंबणारा, बारका. जागेवर आहे ना?"

"जागेवर हाय."

"तुटला का? पक्ष्यानं ओढला?"

"न्हाई." पुंजारामनं खाली अंगणाकडे बघितलं आणि आवाज उतरवला. "मी गुंडाळलाय त्याला."

"काय केलंय?"

"गारठत व्हता. तिच्या साडीच्या तुकड्यानं गुंडाळला, वर गोधडी. जरा उबेला बांधलाय."

पलीकडे रितिका हसली नाही. ती म्हणाली, "काका, त्याला गारठू द्या. त्याचं कामच ते आहे. त्याला थंडी लागली तरच मशीनला कळतं, आणि मग आतल्यांना ऊब मिळते. सोडा त्याला."

सुतळीची गाठ त्यानं कालच्यापेक्षा घट्ट मारली होती, आणि बोटं बधिर झाली होती. त्यानं दातानं गाठ सोडवली. चिंध्या निघाल्या, साडीचा तुकडा निघाला. आतला पेर कोमट होता. तो त्यानं पत्र्यापासून लांब केला आणि वाऱ्यावर सोडून दिला. साडीचा तुकडा खिशात ठेवला. खाली झुंबरबाई पडद्यासमोर उभी राहून आकडे ओरडायला लागली, "एकवीस! सतरा! बारा! आरं, नऊ!"

मग वरचं मशीन जोरात फुसकारलं आणि त्याच्या जाळीतून वाफेचा लोट उठला. टेम्पोतली माणसं उड्या टाकून बाहेर आली. "पेटलं! दाजी, खाली या!" भारत ओरडला. पुंजारामचाही पाय शिडीकडे, खालच्या मेन स्विचकडे निघाला होता.

"हात लावू नका," रितिका फोनमधून म्हणाली. "बर्फ वितळतोय. वाफ आहे ती, धूर नाही. वास घेऊन बघा."

त्यानं वास घेतला. ओल्या पत्र्याचा वास होता.

खाली आला तेव्हा ट्रॅक्टर लागला होता, अर्ध्या जोरावर. आत चोवीस पॉइंट दोन. भारत दारात आला, चपला काढून लांबच उभा राहिला. "दाजी, चला आता. गुरुजी घाटावर खोळंबलेत. मशीन थांबंल, गुरुजी न्हाई थांबायचे."

"सत्तावीस झाल्याबिगर मी निघत न्हाई."

"किती वेळ लागंल?"

"न्हाई माहीत."

राधेश्याम पुढे झाला. "भाऊ, येवढं कशाला? तीस करून टाका ना. जल्दी तापंल. अळ्यांचा मागं पडलेला वखतही भरून निघंल. माझी तुती किती दिस ठेवू?"

बोलणं साधं होतं आणि सोपंही होतं. पडद्यावर बोट ठेवून तीन वेळा दाबायचं. सगळे बैल आणि पूर्ण ट्रॅक्टर एकदम लागले असते. दहा दिवसांमागचा पुंजाराम कोणी न सांगता ते करून मोकळा झाला असता. त्यानं ट्रेकडे बघितलं. वरच्या पाल्याच्या कडा अजून ओलसर होत्या.

"न्हाई," तो म्हणाला. "कोरड्या हवेत पाला सुकतो. उपाशी राहून कात टाकाय बसतील त्या. त्यांची त्या चढतील. तुला घाई असंल तर तुझे पुंज दुसऱ्याला देतो. घेणारे लै हायेत."

"मी तसं कुठं म्हणलो, भाऊ?"

"मंग बस टेम्पोत."

भारत अजून दारातच होता. पुंजाराम त्याच्याकडे न बघता म्हणाला, "ती असती तर अशा टायमाला निघाली असती का, सांग. सोताच्या दहाव्याला तरी?"

भारतच्या तोंडावर हसू आलं आणि डोळ्यांत पाणी. "सोताच्या दहाव्याला तर बिलकुल नसती निघाली," तो म्हणाला. त्यानं गुरुजींना फोन लावला आणि सांगितलं, की मशीनमुळं उशीर होतोय. कसलं मशीन, हे समजावण्यात त्याचा बराच वेळ गेला.

मग माणसं अंगणात बसली. शिवकन्यानं सगळ्यांसाठी पाणी आणलं. झुंबरबाई दाराच्या फटीतून अर्ध्या-अर्ध्या डिग्रीची बातमी देत होती. साडेचोवीस. पंचवीस. एकदा आकडा अर्धा खाली आला तेव्हा म्हातारी माणसंही उठून उभी राहिली. बर्फ पुन्हा वितळत होता. साडेपंचवीस. सव्वीस. तिथं ट्रॅक्टर आपला आपण सुटला. सव्वीस पॉइंट आठ. धाकला सुटला. दहा वाजून वीस मिनिटांनी सत्तावीस झालं. पुंजाराम सपाता बदलून बाहेर आला आणि टेम्पोत पुढं बसला. घाटावर गुरुजींनी फक्त विचारलं, "झालं का गरम?"

अळ्या एक दिवस मागे पडल्या. पण सगळ्या मिळून मागे पडल्या, म्हणून काही बिघडलं नाही. अठ्ठावीसला सकाळी ट्रेमध्ये सगळ्यांची डोकी वर, सगळ्या एकदम कातीला बसलेल्या, निश्चल. झुंबरबाईनं एकेक ट्रे उन्हाकडे धरून बघितला आणि पुंजारामला एकदाही टोकलं नाही. तीस तारखेला शेतकरी आले. राधेश्याम सगळ्यात आधी आला होता. त्याच्या अळ्या त्याच्या हातात देताना पुंजाराम म्हणाला, "पाला पातळ घाल." हे बोलताना आपला आवाज कुणासारखा आला, ते त्याच्या ध्यानात आलं. त्यानं पुढचा ट्रे उचलला.

शिवकन्या दुसऱ्या दिवशी निघाली. तिनं पुन्हा विचारलं नाही. बॅग गाडीत ठेवताना एवढंच म्हणाली, "चार वाजता फोन करत जाईन. आकडा सांगत जा."

"आतला का बाहेरचा?"

"दोन्ही."

जानेवारीत रितिका येऊन बाहेरच्या सेन्सरवर वाऱ्यापावसाचं एक बारकं घर बसवून गेली. आत हवा खेळते, ऊन लागत नाही. पुंजारामनं तिला दोनदा विचारलं, "पर थंडी लागंल ना त्याला?" ती म्हणाली, "लागेल, काका." चहा पिताना तिनं एक गोष्ट सांगितली. मार्चपासून मशीन उलटं चालवायचं असतं, आतली ऊब बाहेर टाकायची. उन्हाळ्यात दुपारी किती ठेवायचं, पहाटे किती, दोन्ही कॉम्प्रेसर कधी लागू द्यायचे, हे आकडे काकू दरवर्षी होळीच्या आधी तिला नव्यानं सांगायच्या. पाला किती ओला आहे, वारा कुठला आहे, ते बघून ठरवायच्या. गेल्या वर्षीचे त्यांनीच पुसायला लावले होते. कुठं लिहिलेले नाहीत.

"यंदा मी बघून सांगतो," पुंजाराम म्हणाला.

फेब्रुवारीच्या बॅचसाठी अठरा शेतकऱ्यांची नावं आली आहेत. उन्हाळ्याचे आकडे अजून भरायचे राहिले आहेत.